प्रतवारी

आमच्या कारखान्यात काजूची नावं तीनच:
अख्खा, पाकळी, तुकडा.
वासंती गिरकर माझ्या डाव्या हाताला बसायची.
बोटांना चीक लागू नये म्हणून राख फासायची,
आणि अख्खे काढण्यात
तिचा हात धरणारी वेंगुर्ल्यात कुणी नव्हती.

मग दोन वर्षांत
तिच्या सुपात तुकडेच जास्त.
मुकादम म्हणाला, लक्ष नाही.
मीही म्हणाले.
हे लिहून ठेवते: मीही म्हणाले.

ट्यूब लुकलुकली की डोळे मिटायची,
भट्टीचा पत्रा वाजला की भिंत धरायची.
आधी डबा विसरायची, मग रस्ता.
एकदा वेतोऱ्याच्या एसटीत बसली,
जायचं होतं उभादांड्याला.
आम्ही हसलो. पोट धरून.

मनगट मोडलं तेव्हा ओरोसला नेली.
डॉक्टर हाडाचंच विचारत राहिला.
प्लास्टर भिजवणारी नर्स, आल्मेडा बाई,
तिनं मात्र दार लोटून घेतलं
आणि हळू विचारलं,
डोक्याला कितीदा लागलं?
गळा आवळला होता का कधी?

वासंती छताच्या पंख्याकडे बघत राहिली.
"मोजूक नाय," म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं,
"केसात मारल्यार दिसना नाय."

केसात.
त्याच शनिवारी मी तिला तेल लावलं होतं,
वेणी घातली होती,
माझ्या बोटांना काही कळलं नव्हतं.
टरफल शाबूत आणि आत गराच्या दोन पाकळ्या,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
वीस वर्षं दुसरं करते काय मी?

आता ती माझ्या पडवीतल्या खोलीत असते.
दिवा शून्याचा.
मिक्सर लावायचा तो ती विहिरीवर गेली की.
गोळ्यांच्या खुणा कॅलेंडरवर,
लाल पेन नको म्हणाली, म्हणून हिरव्यानं.
"ता दे गो," म्हणते, "ता... पाणी पिऊचा..."
पेला माझ्या जिभेवर येऊन बसतो.
मी तो गिळते.
शब्द तिचा आहे, तिला सापडू दे,
असं आल्मेडा बाईंनी बजावलंय.

जेवण, पैसे, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या,
सगळं जमतं.
थांबणं जमत नाही.
एकदा तेच चौथ्यांदा विचारलं म्हणून मी ओरडले.
ती चुलीमागे जाऊन बसली,
दोन्ही हातांनी डोकं झाकून.
माझा आवाज कसा आहे
ते मला त्या दिवशी कळलं.

कोर्टात त्याचा वकील विचारतो,
मे की जून?
काठी की पाट?
बाईंना नीट आठवत नाही, साहेब,
मग हे झालं कशावरून?
आमच्या वकीलबाई उठल्या:
आठवत नाही, साहेब, कारण झालं.
साहेबांनी चष्मा पुसला
आणि पुढची तारीख दिली.
ती मी लिहिली. हिरव्यानं.

काल बाजारात
जुलेखानं तिला बांगडे तिचे तिलाच मोजू दिले.
चार, पाच. पुन्हा पहिल्यापासून.
चार, पाच, सहा. पुन्हा.
मागचं गिऱ्हाईक कुरकुरलं.
"माका घाई नाय," जुलेखा पाटीवरची माशी हाकत म्हणाली,
"तुका आसा तर फुडे हो."

सात मोजले. सातांचे पैसे दिले.
घरी येऊन पिशवी उपडी केली तर आठ.
वासंतीनं दोनदा मोजले,
माझ्याकडे बघितलं,
"जुलेखा चुकली गो!" म्हणाली
आणि हसली. पोट धरून.
मी विळी घेतली,
आठवा बांगडा आधी साफ करायला घेतला.